साहेबांना अरे-तुरे

नेपियर टाउन, जबलपूर
दिवाळीनंतरचा सोमवार

ती. सौ. जयाताईस धाकट्या चिंतामणीचा साष्टांग नमस्कार. (वर 'श्री' लिहिलेला नाही, तो विसरलो म्हणून नव्हे. दादाला जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे आणि अशा वर्षात पत्रावर श्री घालावा की नाही, हे आमच्यात कोणालाच नक्की माहीत नाही. असल्या गोष्टी आपण दादालाच विचारायचो.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. साहेब आणि ढेमशीही बरी आहेत. हे पत्र मुख्यतः त्यांच्याविषयीच आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

तू म्हणशील, फोन असताना पत्र काहून लिहून राहिला. तर फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो' म्हणतो. दादाची तेरवी झाल्यावर त्याचे हे दोन्ही कुत्रे दिवाळीनंतर तुमच्या अंबादासच्या संत्र्याच्या मळ्यावर पाठवायचे, हे माझ्या अशाच एका 'हो'तून ठरलं. अंबादास आता गाडी घेऊन केव्हा येऊ म्हणून विचारतो आहे. त्याचं उत्तर द्यायचंच आहे. पण त्याआधी, दुखवट्याच्या वर्षात आम्ही नवरा-बायको वाळवंटात मजा मारायला गेलो, असं जे तुझ्या कानावर आलं आहे, त्याचा खुलासा करतो. वसुधाचा काळा चष्मा घातलेला, दोन्ही बाजूंना एकेक कुत्रा असलेला फोटो तू पाहिलास, हे मला कळलं. फोटो खरा आहे. चष्मा वाळूसाठी होता. बाकी तिचं हसू कशाचं, ते पुढे येईल.

आम्ही गेलो ते फटाक्यांमुळे. तुला माहीत नसेल, पण दादा दर दिवाळीला रांझीच्या घरी न्हाणीघरात बसत असे. बादली पालथी घालून त्यावर स्वतः, पायाशी दोन्ही कुत्रे, आणि रेडिओ मोठ्याने लावलेला. मी फराळाचा डबा घेऊन जायचो तो मला न्हाणीघराच्या दारातूनच द्यावा लागे. (साठी उलटलेला, सैन्याच्या ट्रकांच्या कारखान्यात जन्म घालवलेला माणूस सणाच्या दिवशी असा बसलेला पाहून मला तेव्हा त्याची थोडी लाज वाटत असे. आता नाही वाटत.) यंदा आमच्याकडे दिवे नाहीत, आकाशकंदील नाही, पण आमच्या गल्लीत सगळी कोचिंग क्लासची पोरं राहतात. त्यांनी दसऱ्यापासूनच गच्चीवरून सुरुवात केली. पहिल्या माळेला ढेमशी वसुधाच्या पदरात शिरली. साहेब दिवाणाखाली गेला आणि दोन जेवणं बाहेरच आला नाही. मी दिवाणापाशी बसून त्याला बऱ्याच विनवण्या केल्या. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा वसुधाने भिंतीवरच्या नकाशावर जिथे सगळ्यात कमी गावं आहेत तिथे बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे कोण फोडणार आहे फटाके?" बोट जैसलमेरच्या पुढे होतं.

आता माझं आणि साहेबाचं प्रकरण सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. दादाने त्याचं नाव साहेब काहून ठेवलं हे तू ऐकलं असशील. निवृत्तीच्या दिवशी तो म्हणाला होता, "जन्मभर साहेब मला म्हणाला, इकडे ये, तिकडे जा. आता मी एक साहेब पाळतो." दादा त्याच्याशी फक्त मराठी बोलायचा. अख्ख्या रांझीत हिंदी चालते, आपल्या घरातली पोरं मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतात, पण दादाचे कुत्रे शुद्ध मराठी. (ढेमशीला दादा 'ढेमसं आण' म्हणाला तर ती भाजीच्या पिशवीतून ढेमसंच काढून आणायची, दोडकं नाही. आमच्या मुलाला, अपूर्वला, हा फरक अजून कळत नाही.) असा हा साहेब चैत्रात आमच्याकडे आला आणि त्याने माझं एक अक्षर ऐकलं नाही. वसुधाचं ऐके, पण ती पोळी देते, आणि पोळी देणाऱ्याचं मीही ऐकतो. पण गल्लीतल्या कोणाही परक्याकडे तो शेपटी हलवत जाई. क्लासची पोरं "ये देख", "ये किसका है" म्हणाली की हा त्यांच्यापुढे हजर. दूधवाल्याला वसुधा "बस, बस" म्हणाली की हा खाली बसे. आणि मी आर्जवाने बोलावलं की भिंतीकडे तोंड. मी समजलो, त्याला माझ्यात दादा दिसत नाही. रागही नाही आला. मलाही आरशात दिसत नाही. फोनवर तुला मी 'हो' म्हणालो तो त्यामुळे. जो कुत्रा आपल्याकडे बघत नाही तो कशाच्या जोरावर ठेवून घ्यायचा?

तर निघालो. दादाची जुनी गाडी, चालवायला वसुधा. ताई, हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती दादाकडून रांझीच्या मैदानावर गाडी शिकली. मी तेव्हा म्हणालो होतो, कशाला या वयात. आता सांगतो, सागर, कोटा, जोधपूर, इतका रस्ता तिने एकटीने गाडी चालवली आणि एकदाही कोणाला ओरखडा नाही. ट्रकवाले काच खाली करून बघायचे. मी तिच्या डाव्या हाताला बसून पाण्याची बाटली धरायचो आणि माझी छाती जरा पुढे यायची. जोधपूर सोडल्यावर सैन्याच्या ट्रकांची रांग समोरून आली, तर तिने गाडी बाजूला घेतली आणि सगळे जाईपर्यंत हॉर्न वाजवत राहिली. म्हणाली, "भाऊजींच्या हातच्या असतील यातल्या काही." (तिचे भाऊजी म्हणजे आपला दादा.) मी म्हणालो, नवीन दिसतात. ती म्हणाली, "तुम्ही गप्प राहा हो." मी राहिलो.

जैसलमेरच्या अलीकडे एका नाक्यावर पोलिसाने हात केला. तो जवळ येऊन एवढंच म्हणाला, "ये गाड़ी साइड में लगाओ," आणि साहेबाने उघड्या खिडकीतून उडी मारली ती थेट त्याच्यापुढे. पोलीस दचकला. मी घाईने उतरलो आणि हात जोडून म्हणालो, "साहेब, या."

पोलीस माझ्याकडे बघत राहिला. "या?" तो म्हणाला. "या क्या?"

मी म्हणालो, "साहेब, या ना. गाडीत बसा."

"नहीं नहीं, अंकलजी," तो म्हणाला, "मैं ड्यूटी पर हूँ।"

मग माझ्या ध्यानात आलं आणि मी बोटाने कुत्रा दाखवला. ते जास्तच वाईट झालं. "इसका नाम साहब रखा है?" असं तो दोनदा म्हणाला, आणि दुसऱ्यांदा म्हणताना हसला नाही. शेवटी वसुधाने आतून दार उघडून पोळीचा तुकडा दाखवला तेव्हा आमचा साहेब आत आला. पोलीसही जरा पुढे सरकला होता, त्यालाही तिने दोन शंकरपाळे दिले. (शेजाऱ्यांचे होते. यंदा आपल्याकडे तळण नाही.)

वाळवंट मला आवडेल असं वाटलं नव्हतं. मी नर्मदेची वाळू पाहिलेला माणूस, वाळूपाशी पाणी असतं अशी माझी समजूत. इथे नुसती वाळूच, आणि इतकी स्वच्छ की तिच्यावर पाऊल टाकताना चप्पल काढावीशी वाटली. कुत्रे ठेवून घेणारा एक तंबूंचा मुक्काम वसुधाने आधीच हेरला होता. तिथला व्यवस्थापक विक्की नावाचा होता. तो आमची गाडी बघायला आला आणि म्हणाला, "ये दोनों आपके साथ हैं?" तर ते दोघं त्याच्यासोबत झाले ते झालेच. त्याने दूध ओतताना "बस?" विचारलं की दोघंही खाली. "दादी, आपके डॉगी तो बड़े ट्रेंड हैं, किस स्कूल में डाला था?" असं तो वसुधाला म्हणाला. वसुधाला 'दादी' आवडलं नाही, पण 'ट्रेंड' आवडलं. मी मात्र बाजूला उभा राहून परक्या मुलखात परक्या माणसाचं कौतुक बघत होतो.

दुसऱ्या दिवशी टेकड्या बघायला निघालो आणि गाडी वाळूत रुतली. चाक फिरे आणि खाली जाई. जवळच्या वस्तीतली चार माणसं धावत आली आणि ढकलू लागली. गाडी जरा हलली की त्यांचा म्होरक्या ओरडे, "बस, बस, बस!" आणि आमचे दोघं अगदी चाकापुढे बसत. त्यांना उठवावं, पुन्हा ढकलावं, पुन्हा "बस, बस!" आणि पुन्हा ते बैठकीला. माणसं हसून हसून दमली, गाडी तिथेच. मग वसुधा खाली उतरली, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं, आणि एकेका चाकातली थोडी थोडी हवा सोडली. "भाऊजींनी शिकवलं होतं," एवढंच म्हणाली. बसली, आणि हळूच, दुधावरची साय काढावी तशी गाडी वर काढली. त्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. म्होरक्या मला म्हणाला, "बाबूजी, आप क्या करते हो?" मी म्हणालो, मी यांचा नवरा आहे. ताई, मी खात्यात हेडक्लार्क होतो, माझ्या सहीशिवाय वर कागद जात नव्हता, पण स्वतःची ओळख देताना मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तो फोटो त्यानंतरचा आहे.

आता मुख्य गोष्ट. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. सूर्य टेकायला आला होता. आम्ही तंबूबाहेर दोन खुर्च्या टाकून बसलो होतो, दिवा लावला नव्हता. दोघांनाही रांझीचं न्हाणीघर आठवत होतं, पण ते म्हणायचं कोणी? तेवढ्यात शेजारच्या तंबूत उतरलेल्या मंडळींनी मोटारीतून खोकं काढलं आणि भलीमोठी माळ पेटवली. एवढा रस्ता आम्ही ज्याच्यापासून पळत आलो तेच त्यांनी डिकीत घालून आणलं होतं.

ढेमशी माझ्या खुर्चीखाली आली. साहेब पळाला. तंबूंच्या मागून, पहिल्या टेकडीवरून, दुसऱ्या टेकडीवरून. मी त्याच्यामागे धावलो. वाळूत धावणं म्हणजे काय ते तुझ्या गुडघ्यांना मी सांगणार नाही. मी ओरडत होतो, "साहेब, या! साहेब, इकडे या! साहेब, थांबा हो!" तंबूंतले दोन-तीन खरेखुरे साहेब बाहेर येऊन थांबले. माझा थांबला नाही. तो लांब चालला होता, ढेकळाएवढा, मग मुंगीएवढा, आणि त्याच्यापुढे नुसती वाळू. एकदा अंधार पडला की त्या वाळूत कुत्रा शोधणार कोण? मला एकच दिसत होतं, की हे दादाचं शेवटचं आहे आणि ते माझ्या हातून जातं आहे. मी तोंडावर पडलो. तोंडात वाळू गेली. आणि तिथूनच, पडल्या पडल्या, माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, मी बोंब मारली, "अरे ए साहेब! ये इकडे! ये म्हणतो ना, गाढवा!"

मुंगी थांबली. वळली. मग ढेकूळ झाली, मग कुत्रा झाली, आणि असा धावत आला ताई, की माझ्या अंगावरून पलीकडे गेला आणि परत आला. मी म्हणालो, "बस." तो बसला. माझ्याकडे बघत बसला. चैत्रापासून पहिल्यांदा.

मी बराच वेळ उठलो नाही. डोळ्यांत वाळू गेली होती. चैत्रात, घाटावरसुद्धा, गेली नव्हती ती सगळी तेव्हाच गेली असावी. साहेब ती चाटत होता. वसुधा धापा टाकत आली आणि आधी इकडेतिकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊजींचा आवाज आला, म्हणून मी धावत आले."

परत चालताना तिने मला समजावलं. "अहो, त्याला अहो-जाहो कळत नाही. भाऊजी कधी त्याला 'या, बसा' म्हणाले का? तो फक्त 'ये' आणि 'बस' शिकला आहे."

मी म्हणालो, "मग एवढे महिने काहून नाही सांगितलं?"

"मला वाटलं, भाऊजींचा म्हणून तुम्ही त्याला मान देऊन राहिले."

मी मान देत नव्हतो, ताई. तुझ्याशी खोटं बोलत नाही. साहेब हा शब्द तोंडात आला की त्याच्यामागे 'या' आणि 'बसा' आपोआप येतं, एवढंच. सगळी नोकरी त्या दोन शब्दांवर केली. दादाने त्याला अरे-तुरे करण्यासाठी साहेब नाव ठेवलं आणि मी त्याला पुन्हा खुर्चीवर नेऊन बसवलं. तो बिचारा वाट बघत होता की हा माणूस आपल्याशी बोलेल केव्हा. मी रोज बोलत होतो आणि त्याला वाटत होतं मी दुसऱ्याच कोणा साहेबांशी बोलतो आहे.

येताना मी मागच्या सीटवर दोघांमध्ये बसलो. कोट्याच्या धाब्यावर मी "साहेब, खाली बस, मुकाट्याने" असं जरा मोठ्यानेच म्हणालो. आजूबाजूची माणसं बघू लागली तेव्हा पुन्हा एकदा म्हणालो, गरज नसताना. आता रोज सकाळी आम्ही ग्वारीघाटावर जातो. परवा आमच्या खात्यातले जुने अधिकारी तिथे भेटले. मी साहेबाला हाक मारली, "साहेब, चल, उठ, फार झालं." ते गृहस्थ उठून उभे राहिले. मी त्यांना काही खुलासा केला नाही.

असो. पत्र लांबलं. भाऊजींना नमस्कार, अंबादासला आशीर्वाद. तुझे गुडघे सांभाळ.

तुझा,
चिंतामणी

ता. क. अंबादासच्या गाडीचं राहिलंच. त्याला म्हणावं, एवढ्यात येऊ नको. सिवनीच्या पुढे रस्ता फार खराब आहे.

ता. क. वरचं वसुधाने वाचलं. म्हणाली, रस्ता लोण्यासारखा आहे, काहून खोटं लिहून राहिले. म्हणून सरळ लिहितो. साहेब आणि ढेमशी मी देणार नाही. तू ते मागितलेस ते मळ्यासाठी नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. आईबापामागे तुलाही त्यानेच वाढवलं, आणि त्याचं काहीच तुझ्याकडे आलं नाही. म्हणून गाडी येऊ दे. कुत्रे न्यायला नको, तुला आणायला येऊ दे. थंडीभर राहा. त्यांच्याशी घरात मराठी बोलणारं कोणी हवं आहे. वसुधा कामात असते आणि माझं तुला माहीत आहे.

ता. क. (हे मी, वसुधा, लिहिते आहे.) ताई, सा. न. 'माझं तुला माहीत आहे' वर जाऊ नका. हे हल्ली दिवसभर बोलत असतात, कुत्रे कंटाळून अंगणात जातात. तुम्ही याच. भाऊजींची खाट रांझीहून आणून तुमच्यासाठी मांडली आहे. एकच अडचण आहे. तिच्यावर ढेमशी झोपते, आणि 'सरक' म्हटलं तर ती नुसती बघत राहते. तो शब्द भाऊजींनी तिला शिकवलाच नाही, एकटेच तर होते. तो तुम्हालाच शिकवावा लागेल.